नाताळचं लाइटिंग आणि गव्हाणीमागचा तो बोर्ड

डिसेंबर लागला की पुण्यात आमच्या पंच हौदच्या आसपास खिडक्या-खिडक्यांत स्टार लागतात, गव्हाणीची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची, गडबड सुरू होते आणि मला दरवर्षी एकच काळजी लागते, आगीची. लोक मेणबत्तीला घाबरतात, बरोबरच आहे, पण मेणबत्ती निदान डोळ्यासमोर तरी असते हो, मला जास्त भीती वाटते ती गव्हाणीमागे लपवलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाची.

परवा मावशीकडे गेले होते. खाली वाळलेलं गवत, डोंगराला ब्राऊन पेपर, वर कापसाचा बर्फ, आणि वायर दिसू नये म्हणून बोर्ड नेमका गवताखाली सरकवलेला. माळा लावून थोडाच वेळ झाला होता, मी सहज प्लगला हात लावला तर चांगलाच गरम, काढून बघितला तर पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं! सॉकेट सैल झालं की पिन घट्ट बसत नाही, तिथे बारीक ठिणग्या उडतात, सगळं तापत जातं, आणि वर गवत-कापूस असल्यावर पेटायला अजून काय पाहिजे? मावशी म्हणाली, "अगं एलईडी आहे, तापत नाही." दिवे नाही तापत फारसे, पण मोड बदलायची ती छोटी डबी तापते, आणि स्वस्तातल्या माळेची वायर इतकी बारीक असते की वर्षभर माळ्यावर गुंडाळून पडली की कुठेतरी तडकतेच. तिथे सेलोटेप लावून भागवू नका, ती माळ टाकून द्या सरळ. मावशीचा बोर्ड आम्ही बदलला आणि गवतापासून लांब, उघड्यावर स्टुलावर ठेवला, वायर दिसते तर दिसू दे.

त्याच बोर्डात रूम हीटर तर अजिबात नको. साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं म्हणजे जेमतेम १४०० वॅट, आणि २००० वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. आणि झाड म्हणून सुरूच्या फांद्या आणत असाल तर त्या चार दिवसांत वाळून कडकडीत होतात, त्यांच्याजवळ मेणबत्ती नकोच.

फराळाचं तळण पेटलं तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण टाकायचं. लाइटिंगमधून धूर आला तर आधी मेन स्विच.

पण माझं खरं कळकळीचं सांगणं २४ तारखेच्या रात्रीबद्दल आहे. सगळं घर उपासनेला जातं, घराला कुलूप, आणि आत सगळ्या माळा चालू, का तर सणाच्या रात्री स्टार विझवायचा नसतो म्हणे. असं कुठे लिहिलंय? घरात कुणी नसताना लागलेली आग कळणार कुणाला? निघताना बटण बंद करा, आल्यावर परत लावा, झोपतानाही बंद करा.

आणि त्या रात्री पाहुण्यांच्या गाड्या गल्लीच्या तोंडाशी लावू देऊ नका प्लीज. २०२१ च्या मार्चमध्ये कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला आग लागली तेव्हा एका रात्रीत शेकडो दुकानं गेली, आणि आमच्या पेठेत तर वाडे लाकडी, भिंतीला भिंत लागून. १०१ ला फोन केला तरी बंब आत यायला वाट पाहिजे ना. आमच्या गल्लीतल्या पोरांशी बोलले आहे, २४ ला संध्याकाळपासून ते तोंडाशी दोरी बांधणार आहेत.