अंतिम सामना ७-५ आणि मामांचा प्रश्न

२०२२ चा फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना अर्जेंटिनाने फ्रान्सविरुद्ध ७-५ असा जिंकला, असं माझ्या लॅपटॉपने सांगितलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. खरा निकाल ३-३, मग टायब्रेकरमध्ये ४-२. कोल्हापुरात वाढलेल्याला हे झोपेतही पाठ असतं. म्हणजे माझंच कुठेतरी चुकलं होतं.

मी कॉमर्सवाला, नोकरी हिशेबाची. टीव्हीवर सामना संपल्यावर 'एक्सजी १.८' असं काहीतरी झळकतं, म्हणजे अपेक्षित गोल. प्रत्येक फटका गोल होण्याची शक्यता ० ते १ मध्ये मांडायची आणि बेरीज करायची. बेरीज कळली, पण मुळातला आकडा कुठून आणतात? ते स्वतः काढून बघायचं ठरवलं. स्टॅट्सबॉम्ब ही कंपनी काही स्पर्धांचा डेटा फुकट देते. २०१८ आणि २०२२ चे विश्वचषक त्यात आहेत, प्रत्येक फटक्याच्या मैदानावरच्या जागेसकट. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मी यूट्यूब बघून जेमतेम शिकलो.

पहिला घोळ बाजूंचा. हाफटाइमनंतर संघ बाजू बदलतात, म्हणून उत्तरार्धातले सगळे फटके मी इमानेइतबारे उलटे फिरवले. मग काय, लोक स्वतःच्या गोलपोस्टजवळून धडाधड गोल मारायला लागले. या डेटात फटका मारणारा संघ कायम डावीकडून उजवीकडेच खेळतो. माहितीपत्रकात तसं लिहिलेलं होतं. वाचतंय कोण!

दुसरा घोळ त्या ७-५ चा. २०२२ च्या स्पर्धेत एकूण गोल १७२, माझ्याकडे फटक्यांवरून झालेले गोल आले १९६. जमाखर्च जुळला नाही की मला जेवण जात नाही. टायब्रेकरच्या पेनल्ट्याही डेटात फटके म्हणूनच येतात, दोन हाफ आणि जादा वेळेचे दोन हाफ यांच्यानंतरचा पाचवा टप्पा म्हणून. त्या वर्षी पाच सामने टायब्रेकरवर गेले आणि त्यांत २६ पेनल्ट्या जाळ्यात गेल्या. त्या वगळल्या तर उरले १७०. आता दोन कमी! ते दोन स्वयंगोल निघाले. डेटात त्यांची नोंद फटका म्हणून नसतेच. ताळेबंद जुळला त्या रात्री मी शांत झोपलो.

पुढचं गणित दहावीतल्या त्रिकोणमितीचं. फटक्याच्या जागेवरून दोन्ही खांबांकडे रेषा ओढायच्या, मधला कोन मोजायचा. पेनल्टीच्या ठिपक्यावरून, म्हणजे ११ मीटरवरून, ७.३२ मीटर रुंद गोल सुमारे ३७ अंशांत दिसतो. तेवढ्याच अंतरावर पण कोपऱ्याकडे सरका, कोन मिटत जातो. अंतर, कोन आणि हेडर की पायाने, एवढं लॉजिस्टिक रिग्रेशनला दिलं, म्हणजे अशा आकड्यांवरून 'गोल होईल की नाही' याची शक्यता काढणाऱ्या गणिती पद्धतीला. पेनल्ट्या बाजूला ठेवल्या, त्यांचा हिशेब वेगळा.

पहिल्याच दमात मॉडेल ९० टक्क्यांच्या आसपास अचूक! पेढे आणायचेच बाकी होते. मग ध्यानात आलं की साधारण दहा फटक्यांत एकच गोल होतो. 'गोल होणार नाही' एवढंच बोलणारा पोपटही तितकाच बरोबर ठरेल. तेव्हा तपासणी बदलली: ज्या फटक्यांना मी ०.२ दिलं, त्यांतला खरंच पाचांतला एक आत गेला का? बऱ्यापैकी जात होता. लांबच्या फटक्यांना मात्र मॉडेल उदार होतं.

रविवारी मामांना दाखवलं. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे असतात; मामा अशाच एका तालमीकडून वर्षानुवर्षं सेंटर फॉरवर्ड खेळले, गुडघा अजून त्याची आठवण देतो. त्यांनी पडद्यावरचे ठिपके पाहिले आणि विचारलं, "त्या फ्रान्सच्या पोराचा शेवटच्या मिनिटातला फटका कुठाय?"

कोलो मुआनी. १२०+३. अर्जेंटिनाचा गोलरक्षक मार्टिनेझने डावा पाय पसरून अडवला तो. दाखवला.

"आरं, समोर निस्ता कीपर हुता! आन् ह्यो बाजूचा ठिपका? त्याच्यापुढं चार जण आडवं आसतील. तू दोन्हीला सारखंच मोल देतोयस व्हय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शोधल्यावर कळलं की फटक्याच्या क्षणी कोण कुठे उभं होतं, तेही डेटात आहे. मी ते रकाने उघडलेच नव्हते. चेंडू आणि दोन खांब यांचा त्रिकोण घेतला आणि त्यात बचावफळीतले किती जण उभे आहेत ते मोजलं. माणूस तिन्ही बांधांच्या एकाच अंगाला असेल तर तो वावराच्या आत, इतकी साधी ती तपासणी. हा आकडा आणि गोलरक्षकाची जागा घातल्यावर लांबच्या फटक्यांचा फुगवटा उतरला.

आता आमच्या तालमींच्या सामन्यांचा असा डेटा कोण देणार? म्हणून शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आलेखाची वही घेऊन बसतो. मी ठिपका मारतो, मामा आडवे किती ते ओरडून सांगतात: "दोन! कीपर पुढं आलाय!" मागच्या खेपेला पूर्वार्धात अकरा ठिपके झाले. त्यांतल्या एकापुढे काहीच लिहिलेलं नाही. तो आमच्या संघाचा गोल होता, आणि मामा तेव्हा गुडघा विसरून उभे होते.