बोरम्याच्या खोलीतले गणपती

२०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला आहे हे पंचांगात पाहिलं, तेव्हाच आमच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात, सगळ्यांना पावसाची धास्ती बसली होती. पुढच्या वर्षी अधिक महिना येणार असला की आदल्या वर्षीची चतुर्थी अशी लवकर, ऐन पावसात येते. २०२३ ला अधिक श्रावण होता, चतुर्थी १९ सप्टेंबरला गेली आणि बऱ्याचशा मूर्ती नुसत्या वाऱ्यावर सुकल्या. ऑगस्टमध्ये ते सुख नाही. हवाच इतकी ओली असते की शाडू आपलं पाणी सोडायला तयार होत नाही.

आमची शाळा वेंगुर्ल्याजवळ, खाडीकाठच्या गावात. सासऱ्यांच्या वडिलांनी सुरू केली, आता मी चालवते. सासरे, म्हणजे आबा, अजून डोळ्यांच्या आखणीला बसतात. ते काम ते कुणाला देत नाहीत. बाहेरच्या वाचकांना आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. इथे गिऱ्हाईक फळीवरची मूर्ती निवडून नेत नाही. आषाढात तो आपल्या घरचा पाट आणून देतो, त्यावर नारळ नि विडा ठेवतो, हात जोडतो आणि जातो. मूर्ती त्या पाटावरच घडते आणि पाटासकट घरी जाते. पाटाच्या खाली घराण्याचं नाव. कुणाचा पाट फणसाचा, तीन पिढ्यांचा. कुणाच्या गणपतीला नाग लागतोच. कुणाचं माप काठीवर खूण करून ठेवलेलं, त्यात बोटभर वाढलेलं चालत नाही. त्यामुळे एखादी मूर्ती बिघडली तर शेजारची उचलून देणं किंवा पैसे परत करणं हा मार्गच नसतो. पाट घेतला म्हणजे चतुर्थीच्या सकाळी त्या घरात गणपती बसवून द्यायची जबाबदारी घेतली.

१८ ऑगस्टच्या रात्री वाऱ्यापावसात झाड पडून विजेच्या तारा तुटल्या. सकाळी शाळेत गेले तर पंखे गप्प, हॅलोजन विझलेले. साठेक मूर्ती ओल्या होत्या. ओल मी हाताने बघत नाही, मूर्तीच्या पाठीला गाल लावते. आतून ओली असेल तर गाल गार पडतो. त्या सकाळी एकामागून एक सगळ्या गारच लागल्या. बैठकीचा भाग जाड असतो, तो सगळ्यांत शेवटी सुकतो. वरून कोरडी दिसली म्हणून पांढरा हात, म्हणजे रंगाचा पहिला थर, मारला, तर चार दिवसांत रंगाचे पोपडे सुटतात. घाईने शेगडी जवळ लावली तर वरचा थर आवळतो, आतला तसाच राहतो, आणि मूर्ती सोंडेला नाहीतर मनगटाला तडकते. रंगाला पाच दिवस धरले तर सुकवायला हातात तीनच उरत होते.

मंडपवाल्याकडे जनरेटर आहे. पावसाळ्यात तो रिकामाच पडलेला असतो. पण त्या दिवशी तो बर्फाच्या कारखान्याला गेला होता. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठलेली, होड्यांना बर्फ हवाच. तो आपल्याकडे वळवा असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. दोन महिने घरी बसलेल्या माणसाचा मासा बर्फावाचून किनाऱ्यावर सडावा आणि माझ्या मूर्ती सुकाव्यात, हे कसं मागणार?

दहाच्या सुमाराला आमच्या वाडीतले काजूचे कारखानदार छत्री घेऊन आले. कारखाना छोटाच, पंधरा-वीस बायका कामाला. ते आले होते आपल्या घरच्या गणपतीचं कुठवर आलं बघायला. त्यांचाही पाट त्या ओल्यांत. मी काही बोलायच्या आत त्यांनी मूर्तीला बोट लावलं आणि म्हणाले, "वैनी, ह्यो असो सुकाचो नाय. आमचो बोरमो चालू आसा. तो लाकडावर चलता, त्याका लाईट नको."

बोरमा म्हणजे काजूगर सुकवायची भट्टी. फोडलेल्या काजूतले गर तिच्यात ७० अंशांच्या आसपास तापवतात, मग वरची लाल साल सुटते. त्या उष्णतेत मूर्ती ठेवली तर तासाभरात तिचे तुकडे. पण बोरम्याला लागून त्यांची सोलायची खोली आहे. भिंत दिवसरात्र ऊबदार, हवा कोरडी, कारण गराला दमट हवा चालत नाही. मला लगेच पटलं.

आबांना पटलं नाही. त्यांचा आवाज चढला. "लोकांनी पाट आमच्याकडे दिल्यानी, काजूच्या कारखान्यात नाय." त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पाट दुसऱ्याच्या छपराखाली न्यायचा तर ज्याचा पाट त्याला विचारल्याशिवाय नाही, यावर आम्ही आलो. मग फोन सुरू झाले. टॉवरला रेंज येत-जात होती. मुंबईला असलेल्या चाकरमान्यांना विचारायचं, इथे घर सांभाळणाऱ्यांना विचारायचं. बहुतेकांनी "तुमका बरा दिसता ता करा" एवढंच सांगितलं. एका आजींनी मात्र नकार दिला, आणि अर्ध्या तासाने स्वतःच शाळेच्या दारात उभ्या राहिल्या. "माजो पाट खंय जाता, थंय मी येतंय." पाटाबरोबर त्या टेंपोत चढल्या आणि संध्याकाळपर्यंत बोरम्याच्या खोलीत पाटाशेजारी बसून होत्या.

टेंपो आंब्याच्या व्यापाऱ्याचा. आंब्याच्या हंगामात त्याला श्वास घ्यायला सवड नसते, ऑगस्टमध्ये गाडी ताडपत्रीखाली उभी. ओली मूर्ती गाडीत नुसती ठेवता येत नाही, खड्ड्यात चाक गेलं की मान गेली. म्हणून प्रत्येक पाट कुणीतरी मांडीवर घ्यायचा. मांड्या आणायच्या कुठून? आमच्याकडे पावसाळ्यात रंगकामाला येणारा एक दशावतारी कलाकार आहे, स्त्रीपार्टी, म्हणजे नाटकात बायकांची कामं करतो. दशावताराचे प्रयोग, आमच्याकडे त्यांना दहीकाला म्हणतात, दिवाळीनंतर, कार्तिकात सुरू होतात. तोवर तो शेती करतो आणि आमच्याकडे पितांबरं रंगवतो. स्वतःचा चेहरा वर्षानुवर्षं रंगवलेला असल्यामुळे भुवईची रेघ त्याला सांगावी लागत नाही. त्याने वाडीत हाक दिली. पर्यटकांना किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या पावसात बंद म्हणून घरी असलेले दोघे आले, घरगुती खानावळ चालवणाऱ्या वहिनी आल्या, पाहुणे नसल्यामुळे चूल लवकर आवरून. काजूच्या बायका तर होत्याच. कुणी मजुरीचं विचारलं नाही. मीही त्या घटकेला बोलले नाही. नंतर मात्र सगळ्यांना दिली, आणि ती द्यायलाच हवी होती. गावातली माणसं प्रेमाने येतात म्हणून त्यांचा दिवस फुकट धरायचा, हे मला मान्य नाही.

खोलीत आम्ही पाट भिंतीपासून तीन हात लांब मांडले आणि अर्ध्या अर्ध्या तासाने थोडे थोडे फिरवत राहिलो, म्हणजे एकाच अंगाला ऊब लागायला नको. तरी कोपऱ्यातली एक मूर्ती सोंडेच्या वळणावर तडकली. शाडूचंच लुकण करून मी ती भरायला बसले. तेव्हा शेजारी गर सोलत बसलेली एक बाई म्हणाली, "मी करू?" तिने बोटाच्या टोकाने लुकण दाबलं, ओल्या फडक्याने एकदाच पुसलं, आणि चीर कुठे होती ते मलाही सापडेना. काजूगराची साल काढताना जोर थोडा जास्त झाला की गर तुटतो, आणि तुकड्याला अख्ख्या गराचा भाव मिळत नाही. नेमका किती दाब द्यायचा, हे त्या बोटांना आधीपासून ठाऊक होतं. आम्ही शाळेत नवी मुलं घेतो तेव्हा हे शिकवण्यात दोन हंगाम जातात. मी तिला तिथल्या तिथे विचारलं, पुढच्या आषाढापासून येशील का? ती मालकाकडे बघायला लागली. मालक म्हणाले, "जा गो, पावसात आमच्याकडे काम कमीच आसता."

रात्री आबा आले. काही न बोलता रांगेतून फिरले, चार-पाच मूर्तींना पाठीकडून गाल लावला. मग आजींच्या पाटापाशी खुर्ची ओढून त्यांनी विचारलं, "जेवलास?" आणि दोघं जुन्या चतुर्थ्यांच्या गोष्टी सांगत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या मूर्तींना पांढरा हात मारला, तोही तिथेच. वीज त्या संध्याकाळी आली. हरतालिकेच्या रात्री आखणी संपली आणि चतुर्थीच्या सकाळी सगळे पाट डोक्यावरून आपापल्या घरी गेले.

आमच्या धंद्याचं गणित सोपं नाही. शाडू गुजरातहून येतो, त्याचे पैसे उन्हाळ्यात भरावे लागतात, तेही पतसंस्थेतून काढून. आमच्याकडे पैसे येतात ते मूर्ती उचलायच्या दिवशी, एकदम. मधले तीन महिने नुसता खर्च. पेणहून तयार मूर्ती ट्रकने येतात, प्लास्टरच्या असल्या तर सुकायचा प्रश्नच नाही, स्वस्तही पडतात. लघुउद्योगाच्या शिबिरांत आम्हाला सांगतात की वाढवा, बारमाही करा, ऑनलाइन विका. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण पाटावरची मूर्ती बारमाही होत नाही. आणि किनाऱ्यावर बारमाही धंदा मी तरी फारसा पाहिलेला नाही. मासा, आंबा, काजू, पर्यटक, नाटक, गणपती, प्रत्येकाचे आपले महिने. त्या दिवशी माझ्या मूर्ती वाचल्या त्या दुसऱ्यांचे महिने रिकामे होते म्हणून. बोरम्याची ऊब सोडली तर गाडी, माणसं, सगळं त्याच कारणाने हाताशी होतं. शिबिरात याविषयी कुणी बोलावं असं मला फार वाटतं. एकाचा मोकळा काळ दुसऱ्याला कसा लावून घ्यायचा, त्याचा हिशेब कसा ठेवायचा, हे शिकवलं तर आमच्यासारख्यांना खरंच उपयोग होईल.

चतुर्थी झाल्यावर मी भाड्याचे पैसे घेऊन काजूच्या कारखान्यात गेले. त्यांनी हात मागे घेतला. "माज्या घरचो गणपतीपण थंयच होतो. भाडां कोणाकडून घेव?" मी लाकडाचे तरी घ्या म्हणून हट्ट धरला, ते त्यांनी घेतले. मग म्हणाले, मार्च ते मे त्यांना जागा पुरत नाही. कच्च्या काजूची पोती येऊन पडतात, वाळवलेली बी ठेवायला छप्पर कमी पडतं. आणि आमची शाळा त्या महिन्यांत साच्यांवर धूळ साचवत उभी.

आम्ही कागद केला. मार्चपासून मेअखेर शाळेची पुढची पडवी त्यांच्या काजूला. जुलैपासून चतुर्थीपर्यंत, लागेल तेव्हा, बोरम्याची खोली आमच्या पाटांना, आणि गर सोलणाऱ्या दोन बायका आमच्याकडे रोजंदारीवर. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, अधिक ज्येष्ठामुळे पुढे गेलेली. कदाचित मूर्ती वाऱ्यावरच सुकतील. तरी कागद केलाय. पाट आणून देणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधीच सांगून ठेवणार आहे की पाऊस फार झाला तर तुमचा गणपती काही दिवस काजूच्या कारखान्यात असेल, चालेल ना?