मिठाच्या डब्यामागचं घर

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या आमच्या ओमाहाच्या स्वयंपाकघरात मिठाचा निळा डबा असतो. त्यावर छत्री घेऊन चाललेली मुलगी आणि मोठ्या अक्षरांत ‘मॉर्टन’. सांगलीहून आलेल्या बाबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “हा मॉर्टन कोण?” मी म्हटलं, त्याच्या वडिलांचं घर इथून तासाभरावर आहे, शनिवारी जाऊ.

पंच्याहत्तर नंबरच्या हायवेने दक्षिणेला निघालो. मक्याची शेतं कापणीला आली होती. नेब्रास्का सिटी हे मिसूरी नदीकाठचं छोटंसं गाव. सप्टेंबरात तिथे सफरचंदांचा हंगाम असतो, त्यामुळे घर बघायच्या आधी आम्ही गरम डोनट खाल्ले. बाबांच्या मते ते आपल्या बालुशाहीचे लांबचे नातेवाईक, पाकात न बुडालेले.

‘आर्बर लॉज’ हे मॉर्टनांचं घर समोर येतं तेव्हा दबकायला होतं. पांढरे खांब, बावन्न खोल्या, उन्हाच्या खोलीत टिफनीचं रंगीत काचेचं छत, तळघरात बोलिंगची एक पट्टीसुद्धा. पण मीठवाल्याच्या वडिलांनी, म्हणजे ज्युलियस स्टर्लिंग मॉर्टनने, १८५५मध्ये बांधलेलं घर चार खोल्यांचं होतं. १८५४च्या ऑक्टोबरात डेट्रॉइटला त्याचं कॅरोलाइनशी लग्न लागलं आणि त्याच दिवशी जोडपं पश्चिमेला निघालं. तो बावीस वर्षांचा, नुकताच मिशिगनच्या विद्यापीठातून काढून टाकलेला. इथे येऊन त्याने एकशे साठ एकर जमीन घेतली. चहूकडे नुसतं गवत. सरपणाला लाकूड नाही, घराला फळी नाही, वारा अडवायला काही नाही. गावच्या वर्तमानपत्राचा तो संपादक झाला आणि शेतकऱ्यांना झाडं लावा, झाडं लावा, असं लिहीत राहिला. कॅरोलाइन चित्रं काढायची, पियानो वाजवायची आणि बाग करायची. झाडांच्या कीर्तीत तिचा वाटा किती, हे मात्र घर बघताना आपणच शोधावं लागतं.

१८७२च्या जानेवारीत मॉर्टनने राज्याच्या कृषी मंडळापुढे वृक्षारोपण दिनाचा प्रस्ताव मांडला. १० एप्रिलला तो पहिल्यांदा साजरा झाला, तेव्हा राज्यभर दहा लाख झाडं लावली गेली असं सांगतात. मी हा आकडा वाचून दाखवल्यावर निवृत्त मुख्याध्यापक असलेले बाबा हसले. “आमच्या शाळेत दरवर्षी वनमहोत्सव व्हायचा. खड्डा मात्र तोच.”

निवडणुकांत मॉर्टनला फारसं यश नव्हतं. राज्यपालपदासाठी चार वेळा उभा राहिला आणि चारही वेळा पडला. पुढे १८९३ ते १८९७ तो देशाचा कृषिमंत्री होता. तिथे खर्चाला कात्री लावली, खासदार मतदारांना फुकट बियाणं वाटत, त्याला विरोध केला. लोकप्रिय होण्याचा मार्ग हा नव्हे, पण मला त्याच्याबद्दलची ही एक गोष्ट आवडली.

न आवडलेली गोष्ट त्याच गावात आहे. घरापासून थोड्याच अंतरावर मेह्यू कुटुंबाचं ओंडक्यांचं जुनं घर उभं आहे. गुलामगिरीतून पळालेल्या माणसांना तिथे आसरा मिळायचा. म्हणजे या गावात गुलाम राखणारेही होते आणि त्यांना सोडवणारेही. मॉर्टन पहिल्यांच्या बाजूचा. गुलामांच्या मुक्तीला त्याचा विरोध होता. वॉशिंग्टनच्या संसदभवनात १९३७पासून उभा असलेला त्याचा पुतळा नेब्रास्काने २०२३मध्ये बदलून तिथे लेखिका विला कॅथरचा बसवला. बाबा त्या ओंडक्यांच्या घरासमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “माणसाने झाड लावलं म्हणून सावली सगळ्यांनाच द्यायची होती, असं नाही.”

मॉर्टनची मुलं चार : जॉय, पॉल, मार्क, कार्ल. थोरल्याला ‘जॉय’ हे नाव आईच्याच नावातून मिळालं. मिठाची कंपनी त्याची, शिकागोजवळचं वृक्षोद्यानही त्यानेच १९२२मध्ये उभारलं. पॉल थिओडोर रूझवेल्टच्या मंत्रिमंडळात नौदलाचा मंत्री झाला. वडील १९०२मध्ये गेल्यावर जॉयने घराचा हा वाडा केला आणि १९२३मध्ये राज्याला देऊन टाकला. त्यामुळे आज आपण पाहतो ते खरं म्हणजे मुलाचं घर. चार खोल्यांचा तो संसार कुठल्या भिंतीआड गेला, हे मी शोधत राहिलो.

परतताना वायुका दफनभूमीत थांबलो. मॉर्टन कुटुंबाच्या जागेत झाडाच्या बुंध्यासारखं कोरलेलं दगडी स्मारक आहे. कॅरोलाइन १८८१मध्ये गेली. तिच्या दगडावर पत्नी म्हणून आणि चार मुलांची आई म्हणून तिची ओळख आहे, चौघांच्या नावांसकट. म्हणतात की मॉर्टनने मुलांना इथे आणून बजावलं होतं : आईला लाज वाटेल असं काही केलंत तर तुमचं नाव छिन्नीने या दगडावरून काढून टाकीन.

बाबांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवत एकेक नाव मोजलं. चारही शाबूत होती.