तुम्ही विचारलंत म्हणून: नुसत्या तापाला टॉन्सिल काढलेत?

नाही, डॉक्टरांनी पैशासाठी काढायला लावले नाहीत. आणि पोराची प्रतिकारशक्तीही गेलेली नाही. सांगलीत कुठल्याही लग्नाला जा, अक्षता पडायच्या आत हे विचारणारं कोणीतरी भेटतंच, म्हणून एकदाच लिहिते.

आमच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे निळ्या पेनानं आणि तापाचे दिवस लाल पेनानं. दर २७-२८ दिवसांनी १०४ ताप, घसा लाल, तोंडात फोड, मानेला सुपारीएवढ्या गाठी. पाचव्या दिवशी पोरगं सायकलवर. अँटिबायोटिक दर वेळी चालू, श्रेयही त्यालाच. ताप आपला आपणच उतरतो हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

मधे एकदा सासूबाईंनी त्याला गणपती मंदिराजवळ बर्फाचा गोळा दिला. रात्री ताप. पाहुण्यांसमोर मी म्हणाले, "आत्या, तुमच्या लाडानंच पडतो हा आजारी." त्या काही बोलल्या नाहीत. रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलत बसल्या. दुसऱ्या आठवड्यापासून पोरगं संध्याकाळी चप्पल घालून दारात उभं राहायचं आणि त्या म्हणायच्या, "आईला विचार." मी हो म्हणायची नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी कॅलेंडरची पानंच मागितली. पीएफएपीए, म्हणाले. १९८७ साली पहिल्यांदा नोंदलेला आजार. जंतू नाही, शरीरच ठरावीक दिवसांनी पेटतं. २१ दिवसांनी पांढऱ्या पेशी घटण्याचा एक वेगळा आजार असतो, तो नाही ना म्हणून रक्त पुन्हापुन्हा तपासलं. स्टेरॉइडच्या एका डोसानं ताप सकाळपर्यंत गायब! "मग कशाला ऑपरेशन?" तर पुढचा ताप १६ दिवसांवर आला, त्यापुढचा १४ वर. त्या औषधानं असं होतं काहींचं.

वाढत्या वयात आपोआप थांबला असता? बहुतेकांचा थांबतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. टॉन्सिलचा यात नेमका हात काय, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. काढल्यावर बऱ्याच मुलांचा ताप थांबतो, एवढंच. आमचा थांबला. घाई केली का? काही रात्री वाटतं, केली.

बर्फाच्या गोळ्याचा दिवस मी नंतर मोजला. आधीच्या तापापासून सत्ताविसावा. ते पान आत्यांपुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"या सोमवारी दुधाचा खाडा होता," त्या म्हणाल्या. "तू मांडलाच नाहीस."