अडकित्ते, वजऱ्या आणि सहावीची पोरं

आज सहावीच्या पोरांना घेऊन पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले होते. नुसतं रांगेत फिरवायचं नाही, हे आधीच ठरवलेलं. प्रत्येकाने एक वस्तू निवडायची आणि तिच्यासमोर बसून चित्र काढायचं. मला वाटलं, मस्तानी महालापाशी झुंबड उडेल. कसलं काय! निम्मी पोरं अडकित्त्यांना चिकटली.

केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हे संग्रहालय उभं केलं आणि १९७५ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. "सगळं? फुकट?" एकाला हे काही केल्या पटेना.

काचेमागच्या वस्तूला हात लावता येत नाही. म्हणून शाळेत परतल्यावर माझ्या घरचा अडकित्ता, मूठभर सुपारी आणि आईची पितळी वजरी टेबलावर मांडली. वजरी हलवली की आत खडे वाजतात, त्यामुळे तो खुळखुळाच, असं बहुमत पडलं. मग बूट काढून सगळ्यांनी टाचा घासल्या. (वर्गाच्या वासाबद्दल न बोललेलं बरं.) सुपारी मात्र एकीलाच धड कातरता आली, आजीला रोज कातरून देते म्हणे.

उद्या घरून जुनी वस्तू आणायची आहे. चिपटं, मापटं, पानाचा डबा ठीक आहे. एकजण पाटा-वरवंटा आणतोय. त्याच्या रिक्षावाल्या काकांची आत्ताच माफी मागते!