दोघांचा खर्च, एका नावाचे पॉइंट

क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर फुकट प्रवास होतो, हा समज मला मान्य नाही. होतो तो स्वस्त प्रवास, आणि तोही नवरा-बायकोने खर्चाचा हिशेब एकत्र मांडला तरच. आम्ही दोघेही पुण्यात नोकरी करतो, आणि किराणा, औषधे, कपडे, गाडीची दुरुस्ती, अधूनमधून बाहेरचे जेवण असा जो खर्च एरवीही झालाच असता, तोच आम्ही कार्डावर वळवला आहे. वाण्याच्या दुकानात कार्डाचे यंत्र नसले तरी यूपीआयला जोडलेले रुपे क्रेडिट कार्ड बहुतेक ठिकाणी चालते. मात्र घरभाडे, इंधन, विमा आणि सरकारी भरणा यांवरचे पॉइंट अनेक बँकांनी बंद तरी केले आहेत किंवा त्यांवर मर्यादा तरी घातली आहे. त्यामुळे कार्ड घेण्यापूर्वी जाहिरातीपेक्षा वगळलेल्या खर्चांची यादी आधी वाचावी, असे माझे मत आहे.

पहिली अट कंटाळवाणी आहे, पण तिच्यावाचून पुढचे सगळे व्यर्थ आहे: बिल दर महिन्याला पूर्ण भरले पाहिजे. समजा, ५०,००० रुपयांची थकबाकी महिनाभर राहिली आणि व्याजाचा दर महिन्याला ३.५ टक्के असला, तर व्याजाचे १,७५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५, असे २,०६५ रुपये जातात. तेवढ्याच खर्चावर चांगल्या कार्डाने दोन टक्के परतावा दिला, तरी हाती येतात १,००० रुपये. ‘किमान देय रक्कम’ भरून उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी डेबिट कार्डावर समाधान मानावे. त्यात काहीही कमीपणा नाही.

दुसरा प्रश्न पॉइंट कोणाच्या नावावर साठवायचे हा, आणि माझ्या मते खरी बचत इथेच ठरते. नवऱ्याच्या खात्यात थोडे आणि माझ्या खात्यात थोडे असे विखुरलेले पॉइंट दोन्हीकडे अपुरे पडतात. म्हणून आमच्याकडे मुख्य कार्ड माझे आणि त्याच्याकडे त्याच कार्डाचे ॲड-ऑन कार्ड अशी व्यवस्था आहे: त्याचा खर्चही माझ्याच खात्यात पॉइंट आणतो आणि वार्षिक शुल्क एकदाच भरावे लागते. दोघांनी स्वतंत्र कार्डे घेतली तर सुरुवातीचा बोनस दोनदा मिळतो हे खरे. पण ५,००० रुपयांचे शुल्क जीएसटीसह ५,९०० होते आणि तेही दोनदा भरावे लागते, याची वजाबाकी फारसे कोणी करत नाही. पॉइंट एकाच्या नावावर असले म्हणून दुसऱ्याचे तिकीट अडत नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत, उदाहरणार्थ, सभासदाला पाच व्यक्तींची नावे नोंदवून आपल्या माइलांवर (बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवले की मिळणारे तिचे पॉइंट) त्यांची तिकिटे काढता येतात.

आता विमान की हॉटेल? जोडप्यांसाठी माझा कल स्पष्टपणे हॉटेलकडे आहे. विमानात दोन माणसांना दोन जागा लागतात, म्हणजे माइल दुप्पट, आणि पॉइंटांवरच्या तिकिटालाही कर व इतर आकार रोखीने भरावे लागत असल्याने तेही दुप्पट. हॉटेलची खोली मात्र एकाने घेतली काय किंवा दोघांनी, पॉइंट साधारणतः तेवढेच लागतात. मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय या पॉइंट योजनेत सलग पाच रात्री पॉइंटांवर घेतल्यास चार रात्रींचेच पॉइंट कापले जातात, त्यामुळे तीन शहरे पालथी घालण्यापेक्षा एकाच ठिकाणी निवांत राहणाऱ्यांचा त्यात फायदा होतो. अकॉर या हॉटेल समूहाच्या योजनेत २,००० पॉइंट म्हणजे बिलातून ४० युरो कमी, हा हिशेब ठरलेला आहे. विमानात पॉइंटांवर मिळणाऱ्या जागा शोधत रात्री जागवण्याचा ज्यांना कंटाळा आहे, त्यांना हे सरळ गणित आवडेल.

विमानाच्या बाबतीत एकाला जागा मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, ही अडचण नेहमीची आहे. त्यामुळे आम्ही आधी रजा आणि मग तिकीट हा क्रम उलटा केला: दोन जागा एकाच विमानात दिसल्या की दोघेही आपापल्या कार्यालयात रजेचा अर्ज टाकतो. दिवाळी आणि नाताळचा नाद सोडला आहे. तिकिटाची किंमत तपासताना रोखीच्या भाड्यातून पॉइंटांवरच्या तिकिटाचे कर वजा करून उरलेल्या रकमेला पॉइंटांनी भागावे. भाडे २२,००० रुपये, पॉइंट १५,००० आणि कर ४,००० असेल, तर एका पॉइंटाला १ रुपया २० पैसे मिळाले. बिझनेस क्लासचे दीड लाखाचे तिकीट घेऊन ‘पॉइंटाला सहा रुपये मिळाले’ असे सांगणाऱ्यांचे मला थोडे हसू येते. जे तिकीट आपण पैसे देऊन कधीच घेतले नसते, त्याची छापील किंमत आपली बचत कशी ठरेल?

पॉइंट साठवून ठेवण्यालाही अर्थ नाही, कारण त्यांचे मोल ठरवणे आपल्या हातात नसते. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख रुपये खर्च केल्यास मिळणारा २५,००० पॉइंटांचा बोनस सप्टेंबर २०२३ पासून बंद झाला, आणि पाच पॉइंटांना चार माइल हे प्रमाण पाचाला दोनवर आले. क्रिसफ्लायरचे माइल ३६ महिन्यांनी बाद होतात. म्हणून पॉइंट बँकेतच ठेवावेत आणि प्रवास पक्का झाल्यावरच विमान कंपनीकडे वळवावेत, कारण एकदा वळवलेले पॉइंट बँकेत परत येत नाहीत.

परदेशात पोहोचल्यावर एक सावधगिरी हवी. अनेक कार्डांवर परकीय चलनातील खर्चावर ३.५ टक्के आकार लागतो, जीएसटी धरून ४.१३ टक्के, आणि दोन टक्क्यांचे पॉइंट त्यापुढे तोकडे पडतात. कमी आकाराचे एखादे वेगळे कार्ड त्यासाठी जवळ असावे. दुकानदाराने ‘रुपयांत भरायचे का?’ असे विचारले तर नम्रपणे नकार देऊन स्थानिक चलनच निवडावे. रुपयांचा तो दर बहुधा महाग असतो.

वार्षिक शुल्काची तारीख जवळ आली की आम्ही मागच्या वर्षात वापरलेल्या पॉइंटांची किंमत आणि शुल्क शेजारी मांडतो. शुल्क जड झाले तर बँकेला फोन करून ते माफ करायला सांगून पाहतो, आणि बँकेने नाकारले तर कार्ड बंद करतो. थकबाकी नसेल तर बंद करण्याचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत निकाली काढणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि त्यापुढे विलंब झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला मिळतात. अर्ज करण्याआधी उरलेले पॉइंट मात्र वापरून टाकावेत, कारण कार्ड बंद झाले की ते सहसा त्याच्याबरोबरच जातात.