पूर सगळ्यांना सारखाच म्हणे

पावसाळा लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं ते सुरू होतं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि मग कोणीतरी २०१९ काढतंच, तेव्हा ५७ च्या वर गेलेलं म्हणून. यंदा एका मामेभावाने लिहिलं, पूर काय बाई-बाप्या बघून येत नाही, सगळ्यांना सारखाच. त्यावर अंगठे पण बरेच पडले. मी तिथे वाद घातला नाही, म्हटलं इथेच लिहू सावकाश.

पाणी बघत नाही हे खरंय, पण पाणी येतं तेव्हा कोण कुठे असतं, कोणाला पोहता येतं, कोण घर सोडून पटकन निघू शकतं हे सगळं आधीपासून ठरलेलं असतं की. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा तामिळनाडूत कडलूरकडचे बरेच बाप्ये होडीत होते, खोल समुद्रात ती लाट फारशी जाणवत पण नाही, आणि बायका किनाऱ्यावर, मासळी उतरवून घ्यायला आणि विकायला थांबलेल्या. त्या जिल्ह्यात पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट बायका गेल्या. आपल्या कोकणात बंदरावर सकाळी जाऊन बघा, मांडणी तीच आहे, समुद्र तेवढा दुसरा. बांगलादेशात १९९१ च्या चक्रीवादळात पण तेच, पोरं कडेवर, अंगावर ओली साडी, आणि नवरा घरी नसताना चारचौघांत निवाऱ्याला जायचं कसं म्हणून थांबलेल्या बायका.

लांब कशाला, किल्लारीचा भूकंप घ्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद, त्याच्याखाली घरात झोपलेले गेले, आणि घरात झोपणाऱ्या कोण तर बायका-पोरं, बाप्ये बरेचसे बाहेर अंगणात नाहीतर शेतावर.

आणि पोहायचं म्हणाल तर आमच्याकडे कृष्णाकाठी पोरांना पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलतात, आठ दिवसांत पोरगं तयार. पोरगी जरा मोठी झाली की मात्र विहीर बंद. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ च्या पुरात बोट उलटली, त्यात गेलेल्यांत बहुतेक बायका आणि लहान मुलं होती. बोटीत माणसं जास्त भरलेली हे खरंच, पण मला दर वेळी ती विहीर आठवते.

बाप्यांचं पण आहे, नाही असं नाही. जनावरांसाठी मागे थांबायचं कोणी तर त्यांनीच. माझे चुलते म्हशीपायी माडीवर राहिले, खाली छातीभर पाणी, मोबाईल बंद, आणि आम्हा सगळ्यांना पुढे पाठवलेलं. शिवाय पुलावरनं पाणी जातंय तरी गाडी घालणारे कोण असतात ते सांगायला नको. अमेरिकेत पण पुरात जीव जाणारे जास्त पुरुषच, त्यात कितीतरी गाडीत. मर्दानगी दाखवायची हौस सगळीकडे एकच. आणि नंतर वर्षभर गप्प बसून पिणं, ते कुठल्या पंचनाम्यात येत नाही.

त्या पुरात आम्ही बायका शाळेतल्या निवाऱ्यात होतो. संडास दोन, एकाची कडी तुटलेली. त्यामुळे बायका दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या, शेजारच्या काकूंनी तर चहा पण सोडला, रात्री अंधारात उठायला नको म्हणून. मदतीचा टेम्पो आला, साड्यांचा हा ढीग! मनापासून आणलेल्या, पण परकर एक नाही, ब्लाउज एक नाही. काकूंनी एका कॉलेजच्या पोराला विचारलं, "बाळा, परकर हाईत का रं?" तो लालबुंद होऊन टेम्पोच्या मागे गेला तो आलाच नाही. पॅडचं कोणी विचारलंच नाही, ते दुसऱ्या दिवशी दोन नर्सबाई आल्या तेव्हा कुठे मिळाले.

पाणी ओसरलं की गाळ. तो बायकांनी उपसायचा, भांडी-अंथरुणं धुवायची, आणि पंचनाम्याच्या वेळी पुढे कोण तर ज्याच्या नावावर घर तो. गंमत बघा, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख घरातली मोठी बाई. म्हणजे तांदूळ-गहू तिच्या नावावर, घर आणि सातबारा त्याच्या. आमच्या गल्लीतली एक वहिनी, नवरा पुण्यात कामाला, घर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. चिखल तिने एकटीने काढला, बँकेत खातं तिचं आहे, पण उताऱ्यावर नाव नाही म्हणून "मालकांना बोलवून घ्या". मालक रजा काढून आले, तोवर आमच्या आळीची यादी पुढे गेली होती.

हे बदलता येतं बरं का. त्सुनामीनंतर तामिळनाडूत बांधून दिलेली घरं नवरा-बायको दोघांच्या नावावर केली. किल्लारीनंतर गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या, घर कसं बांधायचं, सिमेंट कुठे किती लागलं हे त्या बघायच्या. आपल्याकडे शेतीसाठी लक्ष्मीमुक्ती आहे, म्हणजे सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं पण नाव लावायची योजना, आणि घराच्या उताऱ्याला पण दोघांची नावं लागतात, ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा. वहिनीच्या घराची वारसनोंद आता झाली, पण नाव फक्त नवऱ्याचं लागलंय. तिचा अर्ज मी लिहून ठेवलाय, तो दसऱ्याला आला की सही घ्यायची.